लेन्स काढणारं माणूस

"घरी कोण कोण असतं, काकू?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. गॅसवाला विचारतो, मतदारयादीवाली बाई विचारते, सिल्व्हर पार्कला रिक्षाच्या रांगेत उभी असलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. "मी असते," एवढं सांगून मी तोंड फिरवते. पण त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात रुचिताने विचारलं, तेव्हा तोंड फिरवून चालण्यासारखं नव्हतं.

रुचिता म्हणजे माझ्या लेन्स बघणारी मुलगी. माझ्या डोळ्यांचा पुढचा पडदा तरुणपणापासून टोकदार होत गेलेला आहे. त्याला चष्म्याचा उपयोग नाही, मऊ लेन्सचाही नाही. कडक लेन्स घातली तर जग दिसतं, नाहीतर समोरचा माणूस म्हणजे साडीचा नाहीतर शर्टाचा रंग. शाळेतली सगळी नोकरी मी या दोन टिकल्यांच्या जोरावर केली. लग्न तेवढं जमलं नाही. "पोरीला दिसत न्हाय" ही बातमी गोडदेवपासून उत्तनपर्यंत माझ्या आधी पोचायची.

तर झालं असं, की काही महिन्यांपासून माझे हात थरथरायला लागले होते. सकाळी लेन्स घालणं जमायचं. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, कोपर टेकायचं आणि वाकायचं. खरी पंचाईत संध्याकाळी काढायची. पापणी ताणून डोळा मिचकावला की लेन्स हातात पडते ही जुनी युक्ती, पण साठीनंतर पापण्याच सैल झाल्या. मग टोकाला इवलीशी वाटी असलेली रबराची काडी वापरायची. दवाखान्यात तिला प्लंजर म्हणतात. ती लेन्सला चिकटवायची आणि अलगद ओढायची. एका संध्याकाळी हात हलला, लेन्स सरकून पांढऱ्या भागावर गेली, आणि मी प्लंजर उघड्या बुबुळावरच चिकटवून ओढला. पुढचं सांगत नाही. डोळ्यावर ओरखडा आला आणि दोन्ही लेन्स बंद झाल्या.

"काकू, आधी टॉर्च मारून लेन्स जागेवर आहे का बघायचं, मग प्लंजर. किती वेळा सांगितलंय!" रुचिता म्हणाली. ती खरं तर चांगली मुलगी आहे. "बाकी तुमचं सगळं बरोबर असतं. हात धुऊन कोरडे करता, नळाचं पाणी लेन्सला लावत नाही, डबीतलं सोल्युशन रोज नवीन घालता. माझे कॉलेजवाले पेशंट तर काय काय करतात, विचारू नका. पण हा हात कसला थरथरतोय? आधी फिजिशियनना दाखवा. आणि जखम भरल्यावर लेन्स परत घालायच्या असतील, तर रोज संध्याकाळी काढायला घरातलं कुणीतरी पाहिजे. त्यांना घेऊन या, मी शिकवते. तोपर्यंत लेन्स नाही. घरी कोण कोण असतं?"

"वहिनी आहे," मी म्हणून गेले.

खोटं नव्हतं. वहिनी आहे. माझ्याच बिल्डिंगमध्ये आहे. मी तिसऱ्या मजल्यावर, ती सातव्या. बिल्डिंगवर सोनेरी अक्षरांत माझ्या बापाचं नाव आहे, कमळाकर हाइट्स. बापाची जमीन बिल्डरला दिली तेव्हा परशुरामदादा माझ्यासमोर हक्कसोडपत्र घेऊन आला. म्हणाला, बहिणी सही करतात, रीत आहे. तू आमच्यातच राहशील, तुला वेगळा फ्लॅट कशाला? मी म्हटलं, मला माझ्या नावाचा दरवाजा पाहिजे. सही केली नाही. दरवाजा मिळाला, आणि त्या दिवसापासून त्या दरवाजाची बेल माझ्या माणसांनी वाजवली नाही. त्याला आठ वर्षं झाली. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण आपण बरोबर आहोत म्हणून कुणी संध्याकाळी चहाला येत नाही.

फिजिशियनने थायरॉईड वाढल्याचं सांगून गोळ्या दिल्या. हात लगेच थांबणार नाहीत, म्हणाला. लेन्सशिवायचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दूध उतू गेलेलं वासाने कळायचं. शेजारची नीलम लिफ्टमध्ये "कैसे हो आंटी" म्हणायची, तेव्हा आवाजावरून ती नीलम. टीव्ही लावायचे तो ऐकायला. एकदा दुपारभर कुणाशीच बोलले नाही हे लक्षात आलं, तेव्हा मी मोठ्याने पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा अजून येतो.

पाढे म्हणून दिवस जात नाहीत. शेवटी एका संध्याकाळी लिफ्टची बटणं बोटांनी मोजत सातव्यावर गेले.

दार दादानेच उघडलं. मला पांढरा बनियन दिसला, वर चेहऱ्याच्या जागी काहीतरी सावळं.

"सही कराची झाली का?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"मंग?"

"डोल्याचं काम हाय. वयनीकडं."

तो आत गेला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घराण्यात शब्द फार जपून वापरतात. बापजाद्यांची मिठागरं गेली, पण खारटपणा गेला नाही. मी उंबऱ्यातच उभी राहिले. आतून दुर्गावहिनीचा आवाज आला, मग त्याचा, मग परत तिचा. बऱ्याच वेळाने ती दारात आली. "हे बोल्ले, जा. पन तिकडं बोलत बसू नको, बोल्ले."

आणि वहिनीने ते अक्षरशः पाळलं. दवाखान्यात जखम भरल्याचं बघून रुचिताने तिला नखं कापायला लावली, हात दोनदा धुवायला लावले, कारण सकाळीच तिने बोंबील साफ केले होते. प्लंजर सलाईनच्या थेंबाने ओला करायचा, टॉर्चने लेन्स बघायची, काढली की तळहातावर सोल्युशनने चोळून डबीत. वहिनी पहिल्या दिवशीच शिकली. रुचिता म्हणाली, "वा! आणि लेन्स घालून झोपायचं नाही हं काकू, काही झालं तरी. डोळा जाईल." वहिनीने मान हलवली. माझ्याशी तोंडातून चकार शब्द नाही.

मग रोज संध्याकाळी, देवापाशी दिवा लागला की माझी बेल वाजायची. वहिनी यायची, हात धुवायची, टॉवेलला पुसायची. मी खुर्चीत बसायचे. ती डाव्या हाताने माझ्या पापण्या उघडून धरायची आणि तिचा चेहरा माझ्या तोंडाजवळ यायचा. केस किती पिकलेत, कपाळावरचं गोंदण कसं फिकं झालंय, सगळं मला स्पष्ट दिसायचं. आधी उजवी, मग डावी. दुसरी लेन्स निघाली की ती धुक्यात जायची, आणि मग नळाचा आवाज, चपलांचा आवाज, दार. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी मी दुपारपासून घर आवरून ठेवायचे. चहा विचारायचे. ती नको म्हणून हात हलवायची. तरी दुसऱ्या दिवशी मी परत आधण ठेवायचे. हसू नका. माझ्या चेहऱ्याला माणसाचा हात लागून किती काळ झाला होता, ते मला तिचा हात लागल्यावर कळलं.

गोळ्यांनी गुण दिला. एका सकाळी कपात चहा ओतताना बशीत थेंब सांडला नाही. मी बशी उचलून पुन्हा पाहिली. दोन्ही हात समोर धरले. बोटं जागच्या जागी. आनंद व्हायला पाहिजे होता.

हे वहिनीला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून बेल बंद. मी सांगितलं नाही.

मग तो शनिवार आला. दिवा लावला, आधण ठेवलं, बेल वाजली नाही. आधण आटलं. मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. "सातवाले सब हल्दी में गये हैं मॅडम, राई गांव. आपको मालूम नहीं?" हळद कुणाची, तर माझ्या सख्ख्या आतेभावाच्या नातीची. आमच्यात हळदीला अख्खं गाव लोटतं, न ओळखणारीही नाचून जातात. मला कुणी बोलावलं नव्हतं. दादाने सांगितलं असेल, ती येत नाही म्हणून. वॉचमनला "हां, मालूम है," म्हणून मी वर आले आणि दार लावून घेतल्यावर रडले. लेन्स घालून रडू नये. ती सरकते, खुपते.

डोळे लाल झाल्यावर उठले. हात धुतले, पुसले, आरसा ठेवला, टॉर्च मारला. प्लंजर लावून उजवी एका झटक्यात काढली, मग डावी. चोळल्या, डबीत ठेवल्या, नवं सोल्युशन घातलं. कुठे काही चुकलं नाही. इतकं सोपं काम करताना मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या वेळेला बेल वाजली. वहिनीने आत येऊन हात धुतले, खूप वेळ धुतले, तरी नखांच्या कडांना हळद राहिलीच होती. माझी पापणी धरली आणि थांबली.

"काल कसं काढलंस गो?"

माझ्या घरात ती पहिल्यांदा बोलत होती. दोन शब्दांत उत्तर होतं. माझ्या हातांनी, वहिनी.

"न्हाय काढलं," मी म्हटलं. "तशीच झोपले."

"तशीच?" तिने टॉर्च उचलला आणि माझा डोळा इकडून तिकडून पाहिला. लाली होतीच, रडण्याची. "अगो, डोला घालवशील तू! ती पोरगी काय बोल्ली व्हती? घालून झोपायचं न्हाय बोल्ली व्हती ना? पोरांना शिकवलंस जल्मभर, आन तुला अक्कल न्हाय? येक फोन कराला काय झालं व्हतं? मी हलद टाकून आले असते! आंधली झालीस तर कोन बघनार हाय तुला, आं? कोन बघनार?"

ती बोलतच होती. आवाज चढला होता, दार उघडं होतं, जिन्यात ऐकू जात असेल. सातव्यापर्यंतसुद्धा. मी मान खाली घालून ऐकत होते आणि थांबू नकोस, थांबू नकोस असं मनात म्हणत होते. आठ वर्षांत मला कुणी रागावलं नव्हतं. रागवायलासुद्धा आपलं माणूस लागतं.

मग तिने लेन्स काढल्या, दोन्ही डबीत ठेवल्या आणि माझा फोन मागितला. "माजा नंबर हाय का तुज्याकडं?"

नव्हता. तिने स्वतःच घातला. निघताना दारात म्हणाली, "उद्या लवकर येन. आन चाय ठेव, साखर कमी."

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही. पुढल्या महिन्यात रुचिता हात समोर धरायला सांगेल, तेव्हाचं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. चहा मी आधीच गाळून टेबलावर ठेवला होता, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते.