दोघांचा बुधवार

आमच्या ह्यांना सुट्टी घालवता येत नाही. बाकी सगळं येतं. नळ गळत असेल तर दुरुस्त करतील, शेजाऱ्यांचं कुलूप अडकलं तर उघडून देतील, पण मोकळा दिवस हातात दिला की माणूस कावराबावरा होतो. जन्म गेला बस डेपोच्या भांडारात, एकेक नटबोल्ट जपण्यात. काहीही वाया जाता कामा नये, हे हाडीमाशी खिळलेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून माझं डोकं खातील म्हणून मीच त्यांना रोपांच्या नर्सरीत अर्धवेळ कामाला लावलं. पाणी घालायचं, कुंड्या हलवायच्या, कुठलं रोप उन्हात ठेवायचं आणि कुठलं सावलीत ते गिऱ्हाइकाला सांगायचं. ते काम त्यांना मानवलं. तब्येतही सुधारली.

मी त्याच्या आधीपासून लाँड्रीत अर्धवेळ आहे. आता दोघंही अर्धवेळ म्हटल्यावर लोकांना वाटतं, मजा आहे बुवा यांची. कसली मजा! आमच्या सुट्ट्या कधी जुळल्याच नाहीत. त्यांची सोमवारी असली की माझी शनिवारी. संध्याकाळी भेटायचो तेव्हा दोघंही दमलेले. मी टीव्हीपुढे पेंगायची आणि ते जेवता जेवता. मुलगी लग्न होऊन तिच्या घरी गेली, आता तरी नवऱ्याचं तोंड दिवसाउजेडी बघावं असं मला वाटायला लागलं होतं. हसू नका. ह्या वयात वाटतं असं.

नर्सरीच्या मालकीणबाईंनी ह्यांना बुधवारची सुट्टी दिली, तशी मी लाँड्रीतल्या मॅनेजरबाईंसमोर जाऊन उभी राहिले. मलाही बुधवार द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, काउंटरवरच्या बाईला बुधवार मिळायचा नाही. त्या दिवशी हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात, त्या ताब्यात घ्यायला काउंटरवर जुनं माणूस हवं. बुधवार मोकळा असतो तो फक्त इस्त्रीवाल्या बायकांना, कारण इस्त्री करायला तोवर काही वाळलेलंच नसतं. आता काउंटर म्हणजे गादीची खुर्ची, डोक्यावर पंखा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. इस्त्री म्हणजे वाफेत उभं राहायचं, ते पाळी संपेपर्यंत. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी जाऊन खुर्ची सोडली.

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं. ‘काउंटरवर नवी मुलगी आणलीय, मला आत इस्त्रीवर टाकलं’ असं ठोकून दिलं. हे बरेच दिवस त्या मॅनेजरबाईंच्या नावानं बोटं मोडत होते. बिचारीला उचक्या लागल्या असतील.

मला त्या बुधवारी काय हवं होतं? काही नाही. उशिरा उठायचं. खिडकीत बसून चहा प्यायचा, तो संपला की दुसरा करायचा. ह्यांनी पेपर वाचता वाचता एखादी बातमी मोठ्यानं वाचून तिच्यावर चिडायचं, मी नुसतं हं हं म्हणायचं. दुपारी जरा आडवं व्हायचं. एवढ्यासाठी मी वाफेत उभी राहत होते.

पहिल्याच बुधवारी हे पहाटे आंघोळ करून, शर्ट खोचून माझ्या उशाशी हजर.

“ऊठ,” म्हणाले. “आज खूप बघायचंय.”

आधी संग्रहालय. तिथली लिफ्ट नेमकी बंद, म्हणजे जिने आले. मग तळं. मग वाटेतच आहे म्हणून ह्यांच्या आतेभावाचं घर. वाटेत कसलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे आतेभावाच्या बायकोनं तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्या चिरेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत सांगितलं आणि माझे गुडघे खाली टेबलाआड ठणकत राहिले. पुढच्या बुधवारी जुन्या वस्तूंचा बाजार. त्याच्या पुढच्या बुधवारी टेकडी. वरून सगळं शहर दिसतं म्हणे. मला माझ्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं ना तोंडानं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गल्लीतली मांजरं पळतात. पण ह्यांचा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. टेकडीवर चढताना दर वळणाला थांबून मागे बघायचे, मी आले की पाण्याची बाटली उघडून पुढे करायचे. आदल्या दिवशी पोरासारखे विचारत फिरायचे, कुठे काय बघण्यासारखं आहे, किती वाजता उघडतं. लग्नानंतर त्यांनी माझ्यासाठी एवढा खटाटोप केलेला मी पाहिला नव्हता. त्यावर पाणी कसं ओतणार? मग मी मूग गिळून चालत राहायची आणि घरी आल्यावर भांड्यांवर राग काढायची.

एकदा मात्र धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना माझा तोल सुटला. हे आंघोळीला गेलेत असं मला वाटलं होतं.

“अगं, पायांचे तुकडे पडलेत माझ्या,” मी म्हटलं. “एक दिवस मिळतो, तर हा माणूस हात धुऊन माझ्या मागे लागतो. त्यापेक्षा कामावर गेलेलं परवडलं.”

धाकटी हसली, मीही हसले, विषय तिच्या सुनेवर गेला. मन मोकळं झालं तेवढंच.

त्यानंतर दोनेक दिवसांनी जेवताना हे म्हणाले, “पुढच्या आठवड्यापासून मी शुक्रवारची सुट्टी घेतलीय. बुधवारी नर्सरीत नवीन माल उतरतो. मी लागतो त्यांना.”

माझा घास हातातच राहिला. बुधवारी माल उतरतो म्हणे. इतके बुधवार उतरत नव्हता तो? तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“बरं झालं,” मी म्हटलं. “निदान झोपेन तरी.”

“हो ना,” ते म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले.

मला वाटलं, कंटाळला माणूस मला. इतकी वर्षं नुसतं सकाळ-संध्याकाळ तोंड दिसत होतं तोवर ठीक होतं, अख्खा दिवस बघितलं आणि पुरे झालं. कुणाला सांगणार? ह्या वयात नवरा कंटाळला म्हणून रडले असते तर बहिणीनंसुद्धा खुळ्यात काढलं असतं.

मग तो बुधवार आला. हे डबा घेऊन गेले. मी उशिरा उठले, खिडकीत बसून चहा प्यायले. घरात कुणी पेपरवर चिडत नव्हतं. दुसरा चहा केला, तो निम्मा ओतून दिला. आडवी झाले तर डोळा लागेना. भिंतीकडे बघत पडून राहिले आणि खुर्ची गेली, दिवसही गेला, असं मनात घोळत राहिलं. आणि मग मला जो राग आला, तो घरात मावेना. तशीच उठले, केस कसेबसे बांधले, पायात घरातल्याच सपाता, आणि निघाले नर्सरीकडे.

हे हिरव्या जाळीखाली पाइप धरून रोपांना पाणी घालत होते. नवीन माल वगैरे काही उतरलेला नव्हता. नेहमीच्याच कुंड्या, नेहमीच्याच जागी. मला बघून दचकले.

“काय गं? काय झालं? मुलीचा फोन आला का?”

“मुलीला काय धाड भरलीय? बुधवार का बदललात ते सांगा.”

“सांगितलं ना, माल उतरतो.”

“कुठाय माल?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नाही माणसाला, लगेच उघडे पडतात. पाइपाचं तोंड खाली केलं. पाणी त्यांच्याच बुटांवर पडायला लागलं, तरी लक्ष नाही.

“तू फोनवर बोललीस ते ऐकलं मी,” ते म्हणाले. “चुकीचं काही बोलली नाहीस. जिना चढताना तू कठड्याला धरून चढतेस हल्ली, ते मला दिसत होतं. त्या इस्त्रीनं पाय गेलेत तुझे आणि मी तुला टेकड्या चढायला लावतोय. मी घरी असेपर्यंत तुला आराम काही मिळायचा नाही. म्हणून म्हटलं, आपणच बाजूला व्हावं.”

एवढा वेळ रस्त्यानं जे जे बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं राहिलं बाजूला.

“मला इस्त्रीवर कुणी टाकलं नाही,” मी म्हटलं. “मी मागून घेतली. काउंटरवर बुधवार मिळत नव्हता.”

त्यांना उमगायला वेळ लागला. मग जाऊन त्यांनी नळ बंद केला आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“बुधवारसाठी खुर्ची सोडलीस?”

“नुसता बुधवार घेऊन काय करू मी? बुधवारचं काय लोणचं घालायचंय? तुमच्यासाठी सोडली. मला तुमच्याबरोबर बसायचं होतं. नुसतं बसायचं होतं, घरात.”

“मग सांगायचं नाही का?”

“आणि तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला गावभर फिरवायला? तुम्हाला तरी कुठे आवडतं फिरायला? टेकडीवर तुम्हालाही धाप लागत होती, दिसलं मला.”

ते हातातल्या पाइपाची वेटोळी घालत राहिले. ह्यांना अवघड प्रश्न विचारला की असंच होतं.

“तुला काहीतरी बघायला मिळावं म्हणून,” शेवटी म्हणाले, अगदी हळू. “घरी दिवसभर मी समोर बसलेला. माझ्यात काय बघायचंय? दुपारपर्यंत कंटाळली असतीस.”

हे ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. भर कामाच्या जागी, सपाता घालून, मी घळाघळा रडले. एवढा जन्म बरोबर काढला आणि ह्या माणसाला वाटत होतं की त्याच्याऐवजी मला तिकीट काढून दुसरं काहीतरी दाखवावं लागेल. मी त्यांचा ओला हात धरला आणि म्हटलं, “मला तुम्हालाच बघायचं होतं हो. दुसरं काही नको होतं.”

ते लाजले. खरंच लाजले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग नेहमीसारखे कामाचं बोलायला लागले. शुक्रवार दिलाय तो आता हंगाम संपेपर्यंत बदलता येणार नाही, मालकीणबाईंनी दुसऱ्या माणसाला बुधवार देऊन टाकलाय, आपणच घोळ घातला.

“असू दे,” मी म्हटलं. “मला कुठे जायचं नाहीये.”

त्यांनी मातीची पोती रचून ठेवली होती तिथे मला नेलं. दोन पोती खाली ओढून टेकायला जागा केली, एक पायांखाली सरकवलं. वर आपलं जाकीट अंथरलं. पोतं उन्हानं कोमट झालं होतं. मी टेकले आणि पाय लांब केले, तेव्हा किती दिवसांनी पायांना बरं वाटलं, काय सांगू.

हे परत पाणी घालायला लागले. मधेच एखाद्या रोपाकडे बघून पुटपुटायचे, ह्याला कुणी इथे ठेवलं, अक्कल नाही लोकांना. मी हं म्हणायची. ते पुढच्या रांगेला जायचे, चिडायचे, मी हं म्हणायची. कधीतरी माझे डोळे मिटले. पाण्याचा आवाज माझ्या चारी बाजूंनी फिरत होता, पण एक थेंब अंगावर आला नाही.

अर्धवट झोपेत कुणा गिऱ्हाईक बाईचा आवाज आला. त्या विचारत होत्या, ह्या कोण, ह्यांना बरं नाहीये का, डॉक्टरांना बोलवायचं का.

“छे, छे. बायको आहे माझी,” हे दबक्या आवाजात म्हणाले. “जरा हळू बोला. आज आमची सुट्टी आहे.”