राजाचे खलाशी

मी कॉलेजात महाकाव्यं शिकवते. ग्रीकांचं, इराणचं, फिनलंडचं, आफ्रिकेतल्या माली देशाचं, इराकातलं ते मातीच्या पाट्यांवर कोरलेलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यातलं एकही नको असतं, आणि प्राचार्यांना त्यासाठी वर्ग द्यायचा नसतो. ‘याचा उपयोग काय?’ हे मला इतक्या लोकांनी विचारून झालंय की आता मी भांडतही नाही. म्हणून त्या दुपारी मिरकरवाड्याच्या बंदरातून गंगारामचा फोन आला आणि तो म्हणाला, “अजराताई, असशील तशी जेटीवर ये, तुझ्या अब्बांना तुझी गोष्ट हवी आहे,” तेव्हा मला आधी वाटलं, हा भरदुपारी प्यायलाय.

तो प्यायला नव्हता. गंगाराम मच्छीमार सोसायटीची वायरलेसची खोली सांभाळतो. खोली म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर खरखरणारा सेट. माझे अब्बा हुसेन तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आपली ‘नबीला’ होडी घेऊन सकाळीच बाहेर पडले होते. खरी नबीला माझी धाकटी बहीण, होडीला नाव तिचं. माझ्या जन्माच्या वेळी अब्बांकडे होडी नव्हती, म्हणून माझं नाव पाण्यावर नाही. हे मी त्यांना अजून ऐकवते. तर ती नबीला आता किनाऱ्यापासून लांब, बंद इंजिन घेऊन लाटांवर वाहत होती. तळाची एक फळी सुटली होती. पंप इंजिनावर चालायचा, म्हणजे तोही बंद. होडीवर तांडेल धरून सात माणसं, आणि ती बादल्यांनी पाणी उपसत होती.

“तटरक्षक दलाचं जहाज निघालंय,” गंगाराम म्हणाला. “पण वारा समोरून आहे, संध्याकाळ होईल. तोवर होडी वर राहिली पाहिजे.”

“मग मी काय करू?”

“तांडेल म्हणाले, पोरं हातपाय गाळायला लागलीत. एकानं बादली टाकली की सगळे टाकतील. म्हणाले, अजराला बोलाव, तो ग्रीकांचा राजा घरी निघतो ती गोष्ट तिला सांगू दे. सेटवरून.” त्यानं माइक माझ्या हातात दिला. “त्यांची बॅटरी संपत आली आहे. ऐकायला करंट थोडा लागतो, बोलायला फार. तेव्हा तू बोलायचंस, ते नुसतं ऐकतील. मधे मधे बटण सोड. ते एकदाच दाबतील, टक असं वाजेल. टक आली म्हणजे समजायचं, आहेत.”

कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर आवडामावशी बसली होती. ती बाजारात मासे विकते, आणि विकता विकताच उठून आली होती. पदर कमरेला तसाच खोचलेला. तिचा एकुलता एक मुलगा रूपेश अब्बांच्या होडीवर खलाशी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सांग गो बाय. बघतस काय?”

मला ती गोष्ट सांगायची भीती वाटत होती, आणि ती नुसती होडीमुळे नव्हती. ही गोष्ट अब्बांना माझ्याचमुळे माहीत झाली. ते घरी असले की मी दुसऱ्या दिवशीचं लेक्चर त्यांना ऐकवायचे. समोर कोणी बसलं की मला नीट सुचतं. हा राजा त्यांच्या खास आवडीचा: लढाई संपवून घराकडे निघालेला आणि वर्षानुवर्षं समुद्रावर अडकलेला. होडी, वारा, बेटं असलं काही आलं की अब्बा मांडी ठोकायचे, माझ्या चुका काढायचे. पण दर वेळी शेवट जवळ आला की खुर्चीतच डोळे मिटायचे आणि घोरायला लागायचे. शेवट त्यांनी कधीच ऐकला नव्हता.

शेवट असा आहे की राजा एकटाच घरी पोचतो आणि त्याचे सगळे खलाशी वाटेतच मेलेले असतात. एकही उरत नाही.

मी भराभर दुसरं काहीतरी आठवू लागले. इराकातल्यात जिवलग दोस्त मरतो. इराणच्यात बाप न ओळखता पोटच्या पोरालाच मारतो, म्हणजे तर बोलायलाच नको. पुढचं जे आठवावं त्यात कोणी ना कोणी मेलेलं. जगभरच्या महाकाव्यांत सुखरूप घरी आलेल्या खलाशांची भलतीच टंचाई आहे, आणि हे एवढी वर्षं शिकवून मला त्या खोलीत कळत होतं.

“टाइम नाही,” गंगाराम म्हणाला.

मी बटण दाबलं. “अब्बा, मी अजरा. राजा घरी निघाला.” बटण सोडलं. खरखर. मग टक.

मी सांगू लागले. जुने गवई अशा काव्यांत त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा का घालायचे, यावर मी दर वर्षी तीन मार्कांचा प्रश्न काढते. उत्तर असतं, गवयाला दम खायला मिळावा म्हणून. ते अर्धंच आहे. ऐकणाऱ्याचे हात कामात असतात, वाऱ्यात अर्धे शब्द उडून जातात, तेव्हा त्याला धरायला ओळखीची एक ओळ लागते. मीही एक ओळ केली. दर थोड्या वेळानं राजा म्हणायचा, “घर लांब आहे, हात चालू दे.” मी ती तीनदा म्हणायचे, बादलीच्या ठेक्यात. मग बटण सोडायचे. टक.

बेटं आली, गोडं पाणी मिळालं, वारा फिरला. एका बेटावर माणसं खाणारा राक्षस असतो, त्याला मी त्या दिवशी उपाशी ठेवलं. वादळ तर येऊच दिलं नाही. जिथं जिथं खलाशी मरायचे, तिथून मी हळूच राजाला पुढं काढत होते. “घर लांब आहे, हात चालू दे.” टक. कधी टक उशिरा यायची, तेव्हा गंगाराम सेटवर वाकायचा आणि मावशी खुर्चीचा हात घट्ट धरायची. माझा घसा सुकला. गंगारामनं पाणी पुढं केलं तर मी मानेनंच नको म्हटलं.

मग मावशी एकदम बोलली. “काय गो, मगापासून नुसता राजा राजा करतस. त्याच्या होडीवर बाकीची माणसं होती ना? ती कुठं गेली?”

माझा अंगठा बटणावर होता. तिचं वाक्य जसंच्या तसं समुद्रावर गेलं.

मी बटण सोडलं. टक आली नाही. खरखर चालू राहिली, आणि मग टकेऐवजी माणसाचा आवाज आला. रूपेशचा. मागे पाणी आदळत होतं.

“अजराताय, खलाशांचं काय झालं?”

“बोलू नको रे! बॅटरी!” गंगाराम ओरडला, पण बटण दाबलेलं नव्हतं, ते फक्त आम्हीच ऐकलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला शाळा ठाऊक नाही, पण माल शिळा आहे का ताजा, हे ती डोळ्यांवरून ओळखते. माझे डोळे तिनं ओळखले असावेत, कारण ती उठून उभी राहिली.

नुसतं ‘पोचले’ म्हणून भागणार नव्हतं. खवळलेल्या पाण्यात माणसं होडीवरून कशी उतरतात, हे त्या सातांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. थाप मारायची तर त्यांना पटेल अशी मारायला हवी होती. मी बटण दाबलं.

“खलाशी पोचले. सगळे पोचले. किनारा दिसला तेव्हा होडी बुडायला आली होती. समोरून दुसरी होडी आली. लाट एवढी, की दोन्ही होड्या एका वेळी सरळ राहीनात. तेव्हा राजानं स्वतः सुकाणू धरलं, होडीचं तोंड लाटेवर ठेवलं आणि एकेकाला सांगितलं, तू जा. सगळ्यात लहान होता तो आधी गेला. मग दुसरा, मग तिसरा. सगळी माणसं पलीकडे चढेपर्यंत राजानं सुकाणू सोडलं नाही. राजा शेवटी उतरला.”

बटण सोडलं. टक. लगेच, खणखणीत. मावशीनं हात जोडून कपाळाला लावले. मला स्वतःचा अभिमान वाटला, उगाच कशाला खोटं बोलू. हजारो वर्षांचं काव्य मी दोन मिनिटांत दुरुस्त केलं होतं.

गंगारामचा चेहरा मात्र उतरला होता. तो हळू आवाजात म्हणाला, “अजराताई, तांडेल कोण आहे त्या होडीवर?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या बापाला मी, त्याच्या सगळ्या माणसांच्या देखत, शेवटी उतरायला सांगितलं होतं. अब्बांचं वय साठीला आलेलं, गुडघा दुखरा. मी पुन्हा बटण दाबलं. “अब्बा...” काय सांगणार होते? तुम्ही आधी चढा? सहा माणसं ऐकत होती. त्यातल्या एकाची आई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. मला त्या क्षणी मावशीचा राग आला, रूपेशचा आला, त्या ग्रीकांचाही आला.

“अब्बा,” मी म्हटलं, “घर लांब आहे, हात चालू दे.”

टक. त्यानंतर पुन्हा टक आली नाही. बॅटरी संपली होती.

उन्हं कलली तेव्हा जहाज तिथं पोचलं. सेटवर जहाजाचा माणूस बोलत होता आणि गंगाराम ते आम्हाला मराठीत सांगत होता. होडी दिसली. दोर टाकलाय. एक वर आला, रूपेश. मावशीनं खुर्ची ओढली आणि बसली. मग दोन. तीन. चौथ्याला वेळ लागला. पाच. सहा. मग कितीतरी वेळ खरखर. मग गंगारामनं चष्मा काढला आणि पुसत बसला.

“सांग ना,” मी म्हटलं.

“होडी उलटली. तांडेल दिसत नाहीत. शोधतायत.”

मी माइक टेबलावर टाकला. आवडामावशीचा मुलगा सुखरूप होता. ती घरी जाऊ शकली असती, जेटीवर जाऊन उभी राहू शकली असती. ती उठली, माइक उचलला आणि माझ्या मुठीत कोंबला.

“सांगत ऱ्हा.”

“मावशी, तिकडे सेटच नाही आता. होडीच नाही.”

“नसू दे. तू सांगत ऱ्हा गो.”

कोणाला ऐकू जात होतं? जहाजाचं बोलणं अडू नये म्हणून गंगारामनं बटण दाबू दिलं नाही. मी बंद माइकवर सांगत होते. राजा पाण्यात पडला. राजाला पोहता येतं. घर लांब आहे, हात चालू दे. मावशी माझ्याबरोबर म्हणू लागली, चुकत, तिच्या बोलीत. मी रडत होते आणि ठेका सोडत नव्हते. खिडकीतून येणारा उजेड तांबूस झाला, आणि मग सेटवर कोणीतरी जोरात ओरडलं. गंगारामला मराठी करायचं भानच राहिलं नाही. त्यानं नुसताच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

अब्बा डिझेलच्या रिकाम्या कॅनला बिलगून सापडले. पाय मोडला होता, अंग गार पडलं होतं, पण जिवंत.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते. रूपेश नुकताच येऊन गेला होता. तांडेलाला आम्ही दोनदा चढा म्हटलं, पण ऐकतील तर शपथ, असं सांगून गेला. मी मान खाली घालून म्हटलं, “अब्बा, मी ते बदललं होतं. खऱ्या काव्यात...”

“खलाशी मरतात,” ते म्हणाले. “म्हायती हाय मला.”

“तुम्ही तर झोपायचात!”

“झोप कसली. तांडेल एकटाच घरी येतो, ता ऐकवत नाय पोरी. म्हणून डोळे मिटायचो.”

मग अंगात होता नव्हता तेवढा राग वर आला. “मग तीच गोष्ट का मागितलीत? एवढी काव्यं ऐकवली मी तुम्हाला!”

अब्बा छताकडे बघत होते. ओठ मिठानं फुटले होते, त्यामुळं सावकाश बोलले.

“तुज्या सगळ्या काव्यांत तीच एक होती, जिच्यात एक माणूस तरी समुद्रातना घरी पोचतो. म्हटला, एक तर एक. तो एक रूपेस व्हायचा होता, सगळ्यांत ल्हान.”