नऊला उघडते, तीनला मिटते

टबातले मासे मेल्याचं मला कळलं, त्या सकाळी माझ्या परसात साठेक माणसं हात जोडून उभी होती. पाण्यावर नासलेल्या दुधाचा थर आला होता आणि त्यात गप्पी मासे पोटं वर करून तरंगत होते. मधोमध कमळाची कळी हळूहळू उघडत होती.

"उघडली! हिरामाऊली उघडली!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

हिरा माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले.

टबाशेजारी पाटावर जलनाथ महाराज बसले होते. काठी पाण्यावरून फिरवत म्हणत होते, "ये माते, ये! लेकरं वाट बघत्यात!" तीन आठवडे रोज साडेआठला ते यायचे आणि नऊला फूल उघडायचं. चौथ्या दिवशी फूल पाण्याखाली गेलं की म्हणायचे, "माता समाधीत गेली. दूध कमी पडलं." मग दुसरी कळी वर येईपर्यंत बायका तांबे भरभरून दूध ओतायच्या. मीही ओतलं.

हा टब हिराचा. निळं पिंप आडवं कापून तिनं वराळे गावातल्या आमच्या घरामागे ठेवलं होतं. तळाला शेतातली माती, वर वाळू, डासांसाठी गप्पी मासे. मी हसायचो तिला. कंद दिला होता सोपाननं. देहूरोडच्या लष्करी डेपोत आम्ही दोघं पहारेकरी, तीस वर्षं एका डब्यात जेवलो. आता त्याची टाकव्याला रोपवाटिका आहे.

हिराच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दीड तास झाला. शेवटी मी पुढे होऊन म्हणालो, "तुझी कमळं मी सांभाळीन." सगळे मागे सरकले आणि कावळा आला. तेव्हापासून पिवळी पानं खुडणं, पाणी भरणं हाच माझा उद्योग झाला. ते बोलणं सोपाननं शेजारी उभं राहून ऐकलं होतं. उन्हाळ्यात पहिली कळी आली, तेव्हा महाराजांना तोच घेऊन आला. "राजाभाऊ, वहिनी हाय ह्या फुलात," म्हणाला. मी विश्वास ठेवला. तो परका असता तर ठेवला नसता.

कुंपणापलीकडून अनिताबाईंनी हाक मारली. त्या तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. "राजाभाऊ, अहो, मासे मेलेत सगळे!"

"मेले न्हाईत, बाई," महाराज म्हणाले. "मुक्त झाले. माऊलीनं पदरात घेतले."

"मग दूध का नाही घेतलं? ते तर नासलंय."

मागे कुणीतरी हसलं.

"बरं," अनिताबाई म्हणाल्या, "आज दुपारी चारला बोलवा माऊलीला. मी रजा टाकून येते."

"चारला बी येईल! माऊलीला काय घड्याळ हाय?"

"ओ महाराज, चारला कुटं!" महाराजांमागे उभा असलेला सोपान घाईनं बोलून गेला. "तीनला मिटती ती!"

दुधाचा तांब्या हातात धरलेल्या कस्तुराबाईंनी मान वळवली. "तुला रं काय म्हाईत, सोपान?"

तीनचा आकडा मी घरात कुठंतरी बघितला होता. मी स्वयंपाकघरात गेलो. खिळ्यावरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर अजून ऑगस्टच्याच पानावर होतं. मला ते उतरवता आलं नव्हतं. तारखांच्या चौकटींत हिराच्या अक्षरात ९ आणि ३ असे आकडे होते. मला ते दुधाच्या खाड्याचे वाटायचे. आता नीट वाचलं. कडेला लिहिलं होतं, 'सोपानभाऊ म्हणाले, नऊला उघडते, तीनला मिटते. चार दिवसांनी पाण्यात बसते.'

कॅलेंडर बाहेर आणून मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

"हे फूल उजेडावर चालतं," अनिताबाई म्हणाल्या. "माझ्या गच्चीतलं आत्ता बघा, उघडलेलं असेल. तिथं मंत्र म्हणायला कुणी नाही. आणि दूध पाण्यात कुजलं की माशांना श्वास घ्यायला ऑक्सिजन उरत नाही."

महाराज पाट तिथंच टाकून निघाले.

मी सोपानला विचारलं, "हिराला तूच सांगितलं होतंस ना?"

"वहिनीच्या नावानं माणसं जमली, तुझा येळ गेला," तो म्हणाला. "काय वाईट केलं मी?" फाटकाबाहेर त्याचा टेम्पो उभा होता. त्यात 'माऊली कमळ' अशा चिठ्ठ्या लावलेली रोपं होती.

कस्तुराबाई तांब्या घेऊन परत फिरल्या. "नातवाला पाजते," म्हणाल्या.

डेपोत मी कुलूप ओढून बघितल्याशिवाय कधी पुढे गेलो नाही. इथं ओढून बघितलं नाही, कारण ते खरं असावं असं मला वाटत होतं. घाटावर कावळा का आला, हेही आता कळतं. माणसं मागे सरकली म्हणून आला. तुमचंही माणूस गेलं असेल आणि कुणी ते परत आणून दाखवत असेल, तर त्याला दुसरी वेळ द्या. चार वाजता बोलवायला सांगा.

टब उपसला. कंद सगळा कुजला होता. अंगठ्याएवढा एक तुकडा तेवढा घट्ट लागला, तो स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवला आहे. ऑगस्टच्या पानावर हिरानं शेवटी लिहिलं आहे, 'कंद वेगळा करून नव्या टबात लावणे.'

ते अजून झालेलं नाही.