उसळी

ताईने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग अंगठा मोडेल इतक्या जोरात दाबलं. पण पडद्यावरची गोलकीपर जागची हलली नाही. टप्पा पडलेला चेंडू वेडावाकडा उसळला आणि तिच्या खांद्यावरून जाळ्यात गेला.

"हिचा हात का नाही हलत?"

धाकटी गालातल्या गालात हसली. फुटबॉलच्या या गेममध्ये चेंडू कुठे कसा उसळेल, हे ठरवणारा भाग तिने लिहिला होता. कधीतरी, काहीही कारण नसताना, चेंडूने दगा द्यावा आणि तो कुणालाच अडवता येऊ नये, अशी सोय तिने मुद्दाम केली होती. खेळणारे बोंब मारत होते, साहेब ती उसळी काढून टाक म्हणून हात धुऊन मागे लागले होते, आणि ही मात्र नोकरी गेली तरी बेहत्तर म्हणून अडून बसली होती.

"तुझ्यासाठी केलंय, ताई. फायनलचा तो गोल. शेवटी नशिबाचा खेळ असतो, कळू दे की लोकांना."

ताई गोलकीपर होती; फायनलमध्ये खाल्लेल्या त्या गोलनंतर तिने पुन्हा हातमोजे घातले नव्हते. घरात विषय निघाला की आई मैदानाला नावं ठेवायची, बाबा नशिबाला बोल लावायचे, आणि ताई मुकाट्याने उठून आत जायची. आज ती उठली नाही.

"चेंडू उसळला, खरंय. पण त्याआधीच मी डावीकडे झेपावले होते. घाई केली. थांबले असते तर हाती लागला असता."

"अगं, पण असा चेंडू कुणालाही..."

"मला अडवता आला असता! इतकी वर्षं माझा गोल नशिबाच्या नावावर खपवताय सगळे. मी काय तिथे खांब म्हणून उभी होते?"

धाकटीला सणकून राग आला. जिच्यासाठी साहेबांशी वैर घेतलं, तीच उलटली होती. पण ताईच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, सामन्याआधी व्हायचा तसा. धाकटीने कीबोर्ड पुढे ओढला आणि बराच वेळ खाली मान घालून काम केलं.

"उसळी राहणार. साहेब गेले उडत," ती म्हणाली. "पण थांबलं तर आता अडवता येईल." मग घरात कुणीच कधी म्हटलं नव्हतं ते तिने म्हटलं. "आणि ताई, तेव्हा तू चुकलीस."

"चुकलेच," ताई बाह्या वर सारत म्हणाली. "लाव पुन्हा."