नव्याच्या पुनवेचा बांबू

सरकारी बांधकामाच्या ओव्हरसियरने छत्रीचं टोक वर करून छपराच्या वाशाला नुसतं टेकवलं. टोचलं नाही हो, टेकवलं. तरी त्या बांबूतून पिवळसर पीठ भुरूभुरू गळलं आणि त्याच्या काळ्या टोपीवर बसलं.

"मास्तर, हीच का तुमची टिकाऊ शाळा?" टोपी झटकत तो म्हणाला. "बांधून चार महिने झाले नाहीत."

पंधरा दिवस ते पीठ पोरांच्या पाट्यांवर पडत होतं आणि मी फुंकर मारून 'ग' गिरवायला लावत होतो. माझ्या शेजारी येसाजी उभा होता. त्याने हात उंचावून वाशावर नख मारलं, पीठ चिमटीत घेतलं, हुंगलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"पार पोखरलाय," तो हळूच म्हणाला.

"मग लिहितो तसं," ओव्हरसियर म्हणाला. "आठ दिवसांनी पंचनाम्याला येतो. कच्ची ती कच्चीच."

येसाजी कोण, ते सांगायला हवं. गोष्ट अठराशे ब्याण्णव-त्र्याण्णवची. पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मी मूळचा पेणचा, तिथे मास्तर म्हणून आलो आणि तिथलाच झालो. येसाजी भाताची शेती करणारा कुणबी, पण पीक घरात आलं की आसपासच्या दहा गावांत घरं बांधायचा. कारवीचा कूड म्हणजे येसाजीचा, असं लोक म्हणत. डोंगरावरची कारवी कापायची, तिच्या काठ्या उभ्या दाटीने लावून केवणीच्या सालीने बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची, झाली भिंत! चुना नको, वीट नको. गावची माती, गावची माणसं. पडलं झडलं तर गावानेच दुरुस्त करायचं.

शाळेचं घर मात्र त्याने डोकं लावून बांधलं होतं. खाली गुडघाभर दगडी जोतं, म्हणजे ओल चढत नाही. छपराचं नैऋत्येकडचं पाखं पार खाली ओढलेलं, म्हणजे झड भिंतीला लागत नाही. भिंत आणि छपराच्या मध्ये हातभर फट.

"ही कशाला रे?" मी विचारलं होतं.

"मास्तर, गरम हवेला जायाला वाट नको? माणूस कोंडला तर वराडतो, हवा बिचारी गपचूप तापते."

भर फाल्गुनात दुपारी बारा वाजता त्या खोलीत पाऊल टाकलं की अंगाला गार लागायचं. कशेळ्याकडच्या वाड्यांतली माणसं मुद्दाम बघायला यायची, भिंतीवर हात फिरवून जायची. आणि ही शाळा उभी राहिली किती खर्चात? दगडविटांच्या शाळेच्या चौथाईत! म्हणून तर ओव्हरसियरच्या वरच्या बड्या साहेबांनी शब्द दिला होता. ही एक शाळा वर्षभर नीट टिकली, तर तालुक्यात जिथे शाळाच नाही अशा आणखी दहा गावांत येसाजीच्या नमुन्यावर शाळा बांधायच्या. दहा गावं! येसाजी बोटांवर ती गावं मोजायचा, माळ जपावी तशी.

ओव्हरसियरला मात्र पत्रा हवा होता. का हवा होता ते मी सांगत नाही. समजणाऱ्याला समजतं. "कच्चं बांधकाम," हे त्याचं पालुपद. एकदा येसाजीने त्याला तोंडावर विचारलं होतं, "सायेब, कच्चं म्हंजी काय? जे अजून पिकायचं हाय ते कच्चं. तुमचा पत्रा कदी पिकंल?" सगळे हसले. ओव्हरसियर हसला नाही. तसल्या माणसाला कधी हसू नये, हे मला उशिरा कळलं.

आता बांबूचं. बांबू तोडायचा तो वद्य पक्षातच, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चांदण्या पक्षातल्या बांबूत गोडी उतरते आणि किडा ती गोडी शोधत येतो. तोडल्यावर तो महिनाभर ओढ्याच्या पाण्यात मुरवायचा, नाकाला पदर लावावा लागेल इतका वास सुटेपर्यंत. येसाजी हे कधी दुसऱ्यावर सोपवत नसे. पण त्या भाद्रपदात त्याला हिवतापाने आडवं पाडलं. आश्विन सरत आला तरी अंथरुणातच. तेव्हा त्याचा मेहुणा कान्हा पुढे झाला. येसाजीची एकुलती एक धाकटी बहीण गौराबाई, तिचा हा नवरा. वयाने येसाजीपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण बहिणीचा नवरा तो, त्याचा मान मोठा. येसाजीने त्याला कधी नावाने हाक मारली नाही. पंधरा वर्षं 'दाजी' आणि 'अहो-जाहो'.

"तुमी पडून ऱ्हावा पावनं, मी हाय ना," कान्हा म्हणाला होता.

बांबूच्या गाड्या आल्या तेव्हा मी तिथे होतो. येसाजी घोंगडी पांघरून काठी टेकत बाहेर आला. बांबूला ओढ्याचा चिखल होता, त्याचा वासही होता.

"कवा तोडला, दाजी?"

"भादव्यातल्या वद्य पंचमीला. आन् म्हैनाभर मुरवलाय."

"नक्की ना? पोरांच्या डोक्यावर जानार हाय त्यो."

"गौरीच्या कुंकवाची आन! मंग तर झालं?"

बायकोच्या कुंकवाची शपथ म्हणजे नवऱ्याने स्वतःच्याच जिवाची घेतलेली शपथ. त्यापुढे कोण काय विचारणार? आणि बांबू फोडून बघितला तरी त्यात चांदणं थोडंच दिसतं! येसाजीने हात जोडले आणि आत जाऊन पडला.

तर ओव्हरसियर छत्री टेकवून गेला आणि आम्ही दोघे शाळेच्या ओटीवर सुन्न बसलो. येसाजी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "वद्यातला बांबू चार म्हैन्यांत? माझ्या बापानं बांधल्याला गोठा तीस वर्सं झाली, अजून हाय. माझंच कायतरी चुकलं, मास्तर. मुरवनी कमी पडली काय? पानी कमी व्हतं काय ओढ्याला?"

तेवढ्यात गौराबाई भाकरी घेऊन आली. भावाचं तोंड बघून तिला राहवेना.

"जेव रं दादा. त्या टोपीवाल्याचं काय मनाला लावून घेतूस? आन् आमच्या ह्यांना कुनी बोलंल तर मी गप ऱ्हानार नाय, सांगून ठेवते. लई राबलं ते त्या बांबूपायी. नव्याच्या पुनवेला बी घरी नव्हतं! सारा गाव दाराला नवं बांधत व्हता, आन् हे चार दिस बनात बांबू तोडत. तुला ताप, ह्यांचा पत्ता नाय, मी एकटीनंच चौरंगावर चढून नवं बांधलं. आलं ते दोन दिस ओढ्यात टाकून लगेच गाड्या भरल्या. पाठ धरली व्हती त्यांची."

येसाजीच्या हातातला घास हातातच राहिला.

नव्याची पुनव म्हणजे आश्विनातली पौर्णिमा. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला लावायचा दिवस. अख्ख्या महिन्यातलं सगळ्यात भरलेलं चांदणं!

गौराबाई भोळेपणाने बोलत होती, नवऱ्याचं कौतुक करत होती बिचारी. तिने वाकून बघितलं. "काय रं, मीठ जास्त झालं?"

"नाय गं," येसाजी म्हणाला. "ब्येस झालंय." आणि त्याने तो घास गिळला. तो कसा गिळला ते मी बघितलंय.

ती गेल्यावर मी उसळलो. "हा माणूस की कोण? मी आत्ता चावडीवर जातो. पंचनाम्यात सगळं लिहायला लावतो!"

येसाजीने माझं मनगट धरलं. त्या हातात केवढी ताकद होती!

"शपथ कुनाची घेतली व्हती त्यानं, मास्तर?"

"कुंकवाची."

"चारचौघांत ती खोटी ठरली तर लागंल कुनाला? माझ्या भयनीचं कपाळ हाय ते."

मी शिकलेला माणूस. शपथा लागत नसतात, हे मी त्याला पन्नास वेळा सांगितलं. तो ऐकेना. "तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. नाय लागत तर चांगलंच. पन लागली तर? तुमी भरून द्याल का तिचं कपाळ?"

"आणि ती दहा गावं?"

त्याने शेजारच्या कुडावरून तळहात फिरवला. "त्येच तर जळतंय."

आठव्या दिवशी पंचनामा झाला. ओव्हरसियरने मोठ्याने विचारलं, "बांबू कोणी आणला? कोणाच्या देखरेखीत तोडला?" कान्हा पंचांच्या मागे उभा होता, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. पाच माणसं, मी, गावचा पाटील, सगळे येसाजीकडे बघत होतो.

"बांबू माझा," येसाजी म्हणाला. "देखरेख माझी. चूक बी माझीच."

कान्हाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत लाज असेल असं मला वाटलं होतं. पण त्या मेल्याने सुटकेचा श्वास टाकला, मला ऐकू आला तो! ओव्हरसियरने लिहिलं : कच्चे व धोकादायक बांधकाम. नमुना नामंजूर. पंचांचे अंगठे झाले. कागद माझ्यापुढे आला आणि मी सही केली. हो, मीही केली. मोडी अक्षर माझं सुरेख होतं, सगळे नावाजायचे. ती एक सही आठवली की आजही जेवण जात नाही.

त्याच संध्याकाळी ओव्हरसियरने जाहीर केलं, पत्र्याच्या शाळेच्या कामावर मुकादम कान्हा. म्हणजे एवढ्यासाठी त्याने चांदण्यातला बांबू आणला! जन्मभर लोक त्याला 'येसाजीचा मेहुणा' म्हणायचे, ते त्याला टोचत असणार. आता कर्जत स्टेशनातून पत्रे आणायला तो गाडीवर पुढे बसून जाऊ लागला, डोक्याला नवं पागोटं.

जुनी शाळा पाडायला मजूर कुऱ्हाडी घेऊन आले, तेव्हा येसाजी आडवा आला. "कुऱ्हाड नको. मी सोडतो." तीन दिवस त्याने एकट्याने एकेक गाठ सोडली. छपराचा बांबू हातात घेताच मोडत होता. कारवी मात्र जशीच्या तशी निघाली, खणखणीत, एका काठीला कीड नाही. त्याने तिचे भारे बांधले आणि जोत्यावर रचून ठेवले. कोणी नेले, कोणी जाळले, त्याने विचारलं नाही. त्यानंतर त्याने कोणाचं घर बांधलं नाही.

पत्र्याची शाळा ज्येष्ठाच्या आत उभी राहिली. भर उन्हात आत बसवेना, म्हणून आम्ही आंब्याखाली शाळा भरवायचो. पावसाळ्यात पत्र्यावर असा ताशा वाजायचा की माझा आवाज मलाच ऐकू येईना. खर्च एवढा झाला की पुढच्या दहा गावांचं नावही कोणी काढलं नाही. तिथली पोरं पुढे कित्येक वर्षं गुरांमागेच राहिली.

आणि परत आश्विन आला. नव्याच्या पुनवेला मी कान्हाच्या ओटीवर बसलो होतो, गळक्या पत्र्याचं सांगायला गेलो होतो. कान्हा उंबऱ्यात उभा राहून पागोटं सारखं करत होता. बहिणीच्या दाराला नवं बांधायचं ते येसाजीनेच, ही त्यांची जुनी रीत. फक्त गेल्या साली तापामुळे चुकली होती. तो आला. हातात लोंब्या, कुर्डूची फुलं, आंब्याची पानं.

"या पावनं, बसा की," कान्हा म्हणाला.

"बसत नाय." येसाजी पायरी चढला. "मुकादम, जरा सरकता का? नवं बांधायचंय."

गौराबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती हसलीच. "अगो बाई! दाजीचं मुकादम कदी झालं रं दादा?"

कान्हा भिंतीला सरकला. येसाजीने टाचा उंचावून चौकटीला लोंब्या बांधल्या, गाठ मारली, ओढून बघितली.

"गेल्या साली तू एकटीनंच बांधलं व्हतं ना गं, गौरे," तो बहिणीकडे न बघता म्हणाला.

गौराबाईचं हसू तसंच ओठांवर राहिलं. ती लोंब्यांकडे बघत होती. "पुनवेला..." ती पुटपुटली. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडत होतं, तिला ते कळत नव्हतं.

येसाजीने तांब्या तिच्या हातातून घेतला, उभ्या उभ्या पाणी प्यायला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायऱ्या उतरला. कान्हा मात्र सरकून जिथे उभा राहिला होता, तिथेच भिंतीला लागून उभा होता.