चेहऱ्यावर सोनं थांबलंच नाही

आमच्या गावचा धनी सुबातोक याला एकदा वाटलं, तळ्यातल्या देवांना आपण नीट ठाऊक नाही. बाकीचे लोक तळ्यात बोटभर सोन्याची माणसं सोडतात. पोर झालं की सोडतात, दुखणं सरलं की सोडतात. धन्याला स्वतःचीच मूर्ती सोडायची होती, आणि तीही हातभर.

काम आलं माझ्या बायकोकडे, निमायेकडे. मेणाचं ती बघते; मातीचा साचा आणि भट्टी माझी. तिनं मेणाचा पातळ पत्रा लाटला, वाती वळून डोळे, नाक, हात चिकटवले. आहे त्यापेक्षा बराच बरा दिसत होता धनी.

तो बघायला आला आणि ठाण मांडूनच बसला.

"नाकातली कडी कुठाय?"

"लावते, धनी."

"छातीवर पदकं. पिसांचा मुकुट. हातात भाला. आणि माझं आसन."

"आसन? तुम्ही तर उभे आहात ना!"

"मागे ठेव. कुणाचं आहे ते कळायला नको?"

मग रोज यायला लागला. शेजारगावच्या धन्याच्या मूर्तीला चार माळा होत्या असं कुणी तरी बोललं. आमच्याला लगेच सहा हव्या झाल्या. मेणातलं पोट आत गेलं, खांदे रुंदावले.

शेवटी निमाये म्हणाली, "धनी, वितळलेलं सोनं जाड वाट धरतं. या सगळ्या दागिन्यांत पळेल, चेहऱ्याच्या पातळ पत्र्यावर थांबायचं नाही."

"माझं सोनं मी सांगेन तिथं जाईल!"

त्याचं सोनं! आमच्या मिठाच्या ढेपा नि चादरी देऊन खालच्या मुलखातून आणलेलं, त्यात निम्मं तांबं.

मी मेणावर मातीचा साचा लिंपला, तापवला, मेण वितळून गेलं, सोनं ओतलं. निवल्यावर सगळ्यांसमोर साचा फोडला. मुकुट आला होता, भाला आला होता, सहाच्या सहा माळा, आसनसुद्धा. चेहऱ्याच्या जागी मात्र भलं मोठं भोक.

धन्याची थोरली बहीण चासिये मूर्ती उचलून त्या भोकातून त्याच्याकडे बघायला लागली. "सुबा, हुबेहूब रे!"

"वितळवा ती! पुन्हा करा!" धनी ओरडला.

पुजारी आडवा आला. "आगीतून निघालं ते देवाचं. जसं आहे तसंच जाणार."

"मग देवांना कळणार कसं, मी कोण ते?"

"सोबत चला आणि नाव सांगा."

त्यानं तसंच केलं. मूर्तीवर होतं ते सगळं अंगावर चढवलं आणि पुजाऱ्याबरोबर लव्हाळ्याच्या तराफ्यावर बसून तळ्याच्या मधोमध गेला. आम्ही रीतीप्रमाणे काठावर पाठ फिरवून उभे. तळ्याकडे बघायचं नसतं.

"मी सुबातोक!" मागून आरोळी आली, आणि पाठोपाठ धप्पकन आवाज.

आम्हाला वाटलं, मूर्ती पडली. शंख फुंकले, ढोल बडवले. मधूनमधून "अरे, काढा मला!" असंही ऐकू येत होतं; पण आम्ही भाविक माणसं, आणखी जोरात बडवलं.

तिकडे, पुजाऱ्यानंच मागाहून सांगितलं, तो तराफ्यावरून ओरडत होता, "ते काढून टाका, नाहीतर बुडाल!" धन्यानं मुकुट सोडला, पदकं सोडली, माळा तर रडत रडत तोडल्या. तेव्हा कुठं पुजाऱ्यानं केसांना धरून त्याला वर ओढलं, आणि मग मूर्ती सोडली.

काठावर आला तेव्हा तो उघडा, निळा पडलेला, दात वाजवणारा. मला हसू आवरेना. निमायेनं मात्र आपली चादर त्याच्या अंगावर टाकली.

चासिये म्हणाली, "देवांनी दागिने ठेवून घेतले आणि तुला परत धाडलं. रागवू नकोस, त्यांना पारख आहे."

दुसऱ्या दिवशी धन्यानं गाव गोळा केलं आणि सांगितलं, दागिने आपण होऊन अर्पण केले, उडीही आपणच मारली. पुजाऱ्यानं गंभीरपणे मान डोलावली. आम्हीही डोलावली, धन्यानं मक्याची दारू अजून वाटायची होती.