तिसऱ्या टप्प्याचा उतार

पहिला नकाशा असा होता: खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगरावर पायऱ्यांसारखे टप्पे, प्रत्येक टप्पा आतल्या बाजूला कललेला. पावसाचं पाणी आतल्या गटारातून सुखरूप खाली उतरणार. अभियंत्याने सही ठोकली आणि टप्प्यांवर रोपं लागली.

रोपांना पाणी घालणाऱ्या टोळीची मुकादम त्याची सख्खी आत्या होती.

"बाळा, तिसऱ्या टप्प्यावर तुझं पाणी कागदावर आत जातं, माझं बाहेर पळतं."

"आत्या, मोजणी झाली आहे."

"गेल्या वर्षी. माती काय तुझी वाट बघत बसलीये?"

तिने बादली ओतली. पाणी सरळ बाहेरच्या कडेकडे गेलं. वर्षभरात टप्पा त्या बाजूने खचला होता, आणि कडेखाली कामगारांची घरं होती.

दुसरा नकाशा काढावा लागेल, असं त्याने खाणीच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "मग चूक तुझ्या नावावर चढेल. बढती विसर. सही तुझीच ना?"

"माझीच."

त्याने जुन्या नकाशावर 'रद्द' लिहिलं, खाली पुन्हा सही केली आणि मोजणीचं यंत्र घेऊन टप्प्यावर चढला. आत्याने मोजपट्टी उभी धरली.